कुकडीच्या काठाने

गणपती उठले की मी येडगावला जातो. तोवर धरण भरलेलं असतं आणि दारं उघडलेली असली तर सांडव्याखाली कुकडी पुन्हा नदीसारखी वाहताना दिसते. वर्षातले बाकीचे दिवस तिचं पाणी आवर्तनाच्या हिशेबाने चालतं. 1977च्या या मातीच्या धरणात माणिकडोह, पिंपळगाव जोगे, वडज आणि थेट घोड नदीवरच्या डिंभ्याचंही पाणी येतं. इथून निघालेला डावा कालवा हे पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत पोचवतो. मागे जलाशयाच्या काठी ओझरचा विघ्नहर, पुढे हिरवी शेतं.

यंदा ठरवलं, नदी जाईल तिकडे जायचं. खोडदच्या महाकाय दुर्बिणीच्या तबकड्या मागे टाकून बोरी बुद्रुक गाठलं. इथल्या नदीकाठच्या मातीत एक फिकट, राखाडी-पांढरा थर दिसतो. गळून पडलेलं एक ढेकूळ उचललं, तर हाताला अगदी हलकं लागलं. बोटांत चुरडलं की मैद्यासारखी मऊ पूड, आणि उन्हात धरली की बारीक चमक. ही ज्वालामुखीची राख आहे! डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी 1980च्या दशकात ती अभ्यासकांपुढे आणली. सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीचा सुमारे 75 हजार वर्षांपूर्वी महास्फोट झाला, त्याची ही राख असं बरेच जण मानतात. काहींच्या मते ती याहून कितीतरी जुनी आहे. याच परिसरात आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडली. हजारो किलोमीटरवरून उडत आलेली राख जुन्नर तालुक्यातल्या एका नदीकाठी टिकून राहावी, याचं मला शिवनेरीइतकंच अप्रूप वाटतं.

पुढे निघोज. एका काठाला निघोज, पलीकडे शिरूरची टाकळी हाजी, आणि दोन्हीकडे मळगंगेची देवळं. मधल्या काळ्या बेसॉल्टमध्ये कुकडीने रांजणखळगे कोरलेत. पाण्याबरोबर आलेला गोटा खडकाच्या खाचेत अडकतो, भोवऱ्यात गरगर फिरतो आणि जात्यासारखा खडक दळत खाली उतरतो. शेजारचे दोन रांजण एकमेकांत फुटले की घळ रुंदावते. पात्रभर पसरून आलेली नदी इथे त्या घळीत कोसळते. झुलत्या पुलावर उभं राहिलं की तिचा आवाज पायांतून चढतो. एका कोरड्या रांजणात वाकून पाहिलं, तर तळाशी गुळगुळीत गोटे तसेच बसलेले होते, पुढच्या पुराची वाट बघत.

जुन्नरला येणारे बहुतेक जण किल्ला आणि अष्टविनायक करून परततात. एक दिवस कुकडीलाही द्या. फक्त पाणी सुटलेलं असताना रांजणांच्या कडेला उतरू नका, शेवाळलेला खडक सावरू देत नाही. आणि बोरीच्या राखेचा थर उकरू नका. तो पुन्हा साठणार नाही.