फूस, आमिष आणि 'एन्टाइस'

४ ऑगस्ट २०२५, छत्रपती संभाजीनगर
जामीन अर्जाला विरोध करायचा आहे, म्हणून मुलीच्या वडिलांच्या वकिलांनी भाषांतराला कागद पाठवले. फिर्याद ठरीव साच्यातली : 'अज्ञात इसमाने अज्ञात कारणावरून फूस लावून पळवून नेले.' इसम ठाऊक नाही, कारण ठाऊक नाही, फूस तेवढी ठाऊक! ठाणे अंमलदाराला तरी काय बोलणार? अल्पवयीन मूल बेपत्ता झालं की अपहरण किंवा तस्करी गृहीत धरूनच गुन्हा नोंदवायचा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा आदेश आहे. आणि कलमाचे शब्दच 'टेक्स ऑर एन्टाइसेस'. १८६० च्या दंडसंहितेत ३६१, आता न्याय संहितेत १३७. फिर्यादीत 'एन्टाइस्ड'च ठेवलं. बापाचं म्हणणं मवाळ करणारा मी कोण?

५ ऑगस्ट
मुलीचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब. 'त्याने ये म्हटले म्हणून मी गेले.' वकिलांच्या ज्युनिअरने कच्च्या मसुद्यात इथंही 'एन्टाइस्ड' घातलंय. खोडलं. 'आस्क्ड मी टू कम', बस्स. नुसतं बोलावणं म्हणजे एन्टाइस नव्हे. समोरच्याच्या मनात आशा किंवा इच्छा जागवावी लागते. १९७३ च्या ठाकोरलाल वडगामा निकालात हे आलंय. वरदराजन खटल्यात तर मद्रासच्या मुलीनं स्वतःच फोन करून त्याला बोलावलं होतं. ती सज्ञान व्हायच्या उंबरठ्यावर होती; तिला सोबत येऊ देणं म्हणजे 'नेणं' नाही, असं न्यायालयानं ठरवलं आणि तो सुटला. एका क्रियापदावर माणूस आत किंवा बाहेर.

७ ऑगस्ट
मावशीचा जबाब : 'मी तिला खूप समजावले, पण तिने ऐकले नाही.' मसुद्यात 'आय पर्सुएडेड हर अ लॉट, बट...' आपल्याकडे हे इंग्रजी सर्रास चालतं. पर्सुएड म्हटलं की समोरचं माणूस पटलंच. पुढे 'पण' येऊच शकत नाही. 'ट्राइड टू पर्सुएड' केलं.

८ ऑगस्ट
पुरवणी जबाबात 'लग्नाचे आमिष दाखवून'. मसुद्यात 'ऑन द प्रॉमिस ऑफ मॅरेज'. वचन खरं की खोटं, हे न्यायालय बघेल. कागदात वचन हा शब्दच नाही. 'ल्युअर' लिहिलं. गंमत म्हणजे दोन्ही शब्द शिकारीतले. आमिष म्हणजे मांस, म्हणून तर सामिष जेवण. आणि ल्युअर म्हणजे उडालेल्या ससाण्याला परत बोलवायला फिरवायचा पिसांचा झुबका, त्यालाही मांसाचा तुकडा बांधलेला.

संध्याकाळी वकीलसाहेबांचा फोन. 'एन्टाइस फिकं वाटतं हो, मुलीच्या जबाबात सिड्यूस्ड टाका, जोर येईल.' म्हटलं, साहेब, तो शब्द जुन्या ३६६ चा, आताच्या ८७ चा. आपल्या गुन्ह्यात ते कलमच लागलेलं नाही. आणि मुलीच्या जबाबात तर मी एन्टाइससुद्धा ठेवलेलं नाही.

'बरं, मग अल्युअर्ड?'