शकुंतला येते

पुण्याकडचे पाहुणे आमच्या बोलीला हसतात. 'तो येते, ती येते', बाप्या-बाई एकच! त्यातून 'शकुंतला येते' म्हटलं की त्यांना कालिदास आठवायचा, आम्हा आर्वीकरांना पुलगावची गाडी. 1917 सालची, अडीच फुटी रुळांवरची, रुईच्या गाठी वाहणारी. गाडी बंद पडली, नाव तेवढं तोंडात राहिलं.

त्याच रुळांपाशी बसून परवा मोबाइलवर 1900 सालची चित्रफीत पाहिली. हॅम्लेटचं तलवारयुद्ध, जेमतेम दोन मिनिटांचं. हॅम्लेट झाली होती पॅरिसची सारा बर्नहार्ट, वय पंचावन्न.

1862 साली ती 'कोमेदी फ्रांसेज'च्या रंगमंचावर रासीनच्या 'इफिजेनी'त उभी राहिली, तेव्हा या काडीसारख्या पोरीची कुणाला फारशी मातब्बरी वाटली नव्हती. पुढच्या वर्षी मोलिएरच्या जयंतीला एका ज्येष्ठ नटीनं हिच्या धाकट्या बहिणीला ढकललं. हिनं भर समारंभात तिच्या थोबाडीत ठेवून दिली आणि नाटकघराबाहेर पडली. परतली ती 1872 मध्ये; दोनच वर्षांनी 'फेद्र' गाजवली. 1880 मध्ये पुन्हा सगळं सोडलं आणि स्वतःच्या हिमतीवर जगभर फिरली.

त्याच 1880 च्या ऑक्टोबरात पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' उभं राहिलं. तिथे शकुंतला पुरुषच. पुढे 1905 मध्ये मिरजेला नारायणराव राजहंस शकुंतला झाले, आणि हळूहळू घरंदाज बायका या बालगंधर्वांकडे बघून पदर घ्यायला शिकल्या. तिकडे बाई राजपुत्र, इकडे बुवा ऋषिकन्या. फसवणूक झाली असं दोन्हीकडच्या प्रेक्षकांना मात्र वाटलं नाही.

1915 मध्ये साराचा पाय कापला. त्यानंतर खुर्चीत बसवून तिला उचलून नेत, आणि ती युद्धभूमीजवळच्या सैनिकांपुढे संवाद म्हणे. बालगंधर्वांचेही पाय उतारवयात गेले. लोक या कथा गहिवरून सांगतात. मला आपली ती थोबाडीत जास्त आवडते.

चित्रफीत दुसऱ्यांदा लावली, तर बकऱ्या चारणारा एक पोरगा मागून वाकून पाहू लागला.

"कोन व्हय हा?"

"बाई आहे ती."

त्यानं डोळे बारीक केले, पडद्यावरचे तलवारीचे दोनचार वार नीट पाहिले.

"काही असो," म्हणाला, "मस्त लढते."