ओरडण्याची शिकवणी

मंडळी, गेले दोन महिने आमच्याकडे रोज संध्याकाळी साडेसातला गुरगुरण्याचा आवाज येतो. शेजारच्या काकूंनी "कुत्रं पाळलंत का?" असं विचारूनही झालं. कुत्रं नव्हे, ती आमची नात. वय वर्षं १९, कॉलेजात शिकते आणि मेटल संगीत गाते. गाते म्हणजे... असो, त्याबद्दल पुढे येईलच.

सूनबाई काळजीत होती. मला म्हणाली, "आई, तुम्ही जरा तिच्या शिकवणीला बसा. तिचा गळा तुमच्यासारखा व्हायला नको."

ती म्हणाली त्यात वावगं काहीच नव्हतं. ३५ वर्षं मी पत्र्याच्या वर्गात साठ-साठ मुलांना मराठी आणि इतिहास शिकवला. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायचा आणि त्याच्या वर आवाज काढून मी पानिपत शिकवायचे. १९९६ साली आवाज बसला, तो महिनाभर उठेचना. डॉक्टरांनी तपासून स्वरतंतूंवर बारीक गाठी आल्याचं सांगितलं. औषधपाणी आणि सक्तीचं मौन यांनी गाठी गेल्या, पण वरची पट्टी गेली ती गेलीच. तेव्हापासून भजनी मंडळात मी टाळ वाजवते.

तर मी शिकवणीला बसले. शिकवणारी मुलगी बंगळुरूहून संगणकावर शिकवते. पहिली वीस मिनिटं आरडाओरडीचं नावही नाही! ओठ फुरफुरवायचे. ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत हळू सूर लावायचा. खांदे न उचलता पोटापर्यंत श्वास घ्यायचा आणि तो एकदम न सोडता पुरवून पुरवून वापरायचा. मग आरशावर वाफ धरायची असल्यासारखा सैल 'हा' काढायचा आणि त्यातच हलकेच खरखर मिसळायची. तीही अगदी लहान आवाजात, आणि पाच-दहा मिनिटंच. घसा दुखला, खाजला किंवा खोकला आला की त्या दिवसापुरतं बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलण्याचा आवाज नेहमीसारखा असला पाहिजे, हीच परीक्षा.

यामागचं शास्त्र मी नीट समजून घेतलं. (मास्तरकीची खोड, जात नाही.) बोलताना बायकांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भिडतात. त्यांच्या जरा वर पडद्यांची आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. घास गिळताना किंवा जड ओझं उचलताना आपण श्वास कोंडतो, तेव्हा ही जोडी मिटते. मेटलमधली खोल गुरगुर मुख्यतः या वरच्या जोडीच्या थरथरण्यातून निघते. खालच्या खऱ्या स्वरतंतूंवर जोर पडू द्यायचा नाही, हे त्या शिक्षणाचं मर्म. शिवाय ऐकताना वाटतो तेवढा तो आवाज मोठा नसतोच, उरलेलं काम मायक्रोफोन करतो. अर्थात भलतं करत राहिलं तर गळा जायचाच, म्हणून तर शिकवणी.

न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या बाई स्वतः पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकलेल्या. त्यांनी या गायकांना गळा सांभाळून ओरडायला शिकवलं आणि २००५ साली 'द झेन ऑफ स्क्रीमिंग' नावाची डीव्हीडीही काढली. त्यांच्याकडे शिकलेल्यांत अँगेला गोसो ही जर्मन गायिका आहे. २००० ते २०१४ अशी चौदा वर्षं ती आर्च एनिमी या स्वीडिश बँडची गायिका होती. नातीने तिचं गाणं ऐकवलं तेव्हा 'हा बाप्या कोण?' असंच मनात आलं! पुढे २०२२ साली विल रॅमोस या अमेरिकन गायकाने घशात कॅमेरा घालून घेतला आणि गुरगुरताना आत काय काय हलतं ते जगाला दाखवलं. तेही मी पाहिलं. चहा मात्र नंतर घेतला.

सूनबाईला मी माझा अहवाल दिला: मुलगी व्यवस्थित शिकते आहे, घशाला त्रास नाही, चालू द्यावं. गाणं आवडलं का, हा प्रश्न तिने विचारला नाही, मीही उत्तर दिलं नाही.

मला मात्र तिथे बसल्याबसल्या एक गोष्ट लागली. आमच्या बी.एड.ला पाठाची टाचणं होती, फळ्यावरचं लेखन होतं, बालमानसशास्त्र होतं. ज्या आवाजावर पुढची ३५ वर्षं पोट भरायचं, तो कसा वापरायचा याचा एकही तास नव्हता. हौसेने ओरडणारी पोर महिन्याला पैसे मोजून श्वास शिकते, आणि पोटासाठी ओरडणाऱ्यांना कोणी काही सांगत नाही. 'गळा बसला की हळदीचं दूध घ्या', एवढंच आमचं स्वरशास्त्र.

हल्ली तिच्याबरोबर मीही बुडबुडे काढते. "आजी, खांदे खाली!" म्हणून ती मला दटावते. गेलेली पट्टी परत आली नाही, या वयात येणारही नाही. पण पूर्वी दहा मिनिटं मोठ्याने वाचलं की घसा धरायचा, आता अर्धा तास सहज वाचता येतं.

आपल्या नात्यात सध्या चार जण शिक्षक आहेत, आणि ब्लॉगवरच्या मित्रमंडळींतही असतीलच. त्यांच्यासाठी लिहिते. सतत घसा खाकरू नका, त्याने स्वरतंतू आपटतात, त्याऐवजी घोटभर पाणी प्या. बसलेल्या आवाजात जोर लावून कुजबुजू नका, तोही ताणच. वर्ग मोठा असेल तर छोटा माइक मागून घ्या, त्यात कमीपणा काही नाही, मेटलवालेसुद्धा माइक वापरतात! आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर घरगुती काढे पुरे करून कान-नाक-घसा डॉक्टर गाठा. मी महिनाभर थांबले होते, तुम्ही थांबू नका.