हॅरोमध्ये घरभाडे विचारताना

लंडनच्या वायव्येस मेट्रोपोलिटन रेल्वेमार्गावर हॅरो हे उपनगर वसले आहे. टेकडीवर जुन्या चर्चचा उंच मनोरा आणि पायथ्याशी एकमेकांना जोडलेल्या जुळ्या घरांच्या रांगा, असे त्याचे रूप आहे. पूर्व आफ्रिकेतून आलेली आपल्या समाजाची अनेक कुटुंबे या परिसरात स्थिरावली. आता शिक्षणासाठी येणारी आपली मुलेही येथे ‘टू लेट’च्या पाट्या शोधत फिरतात.

‘जागा केवढ्याला पडली?’ हा आपल्याकडे आपुलकीचा प्रश्न. इंग्रज शेजाऱ्याला मात्र तो आपल्या तिजोरीत डोकावल्यासारखा वाटतो. म्हणून तेथे प्रश्न व्यक्तीविषयी न विचारता परिसराविषयी विचारावा : ‘इफ यू डोन्ट माइंड माय आस्किंग, व्हॉट आर रेंट्स लाइक अराउंड हिअर?’ पहिल्या शब्दांनी समोरच्यास उत्तर टाळण्याची मुभा मिळते, पुढच्या शब्दांनी आपल्याला भावाचा अंदाज मिळतो.

घरांच्या दलालाकडे मात्र संकोच महागात पडतो. तेथे सौजन्य राखून नेमके विचारावे. पहिला प्रश्न : ‘कुड यू टेल मी इफ दॅट इज पर वीक ऑर पर मंथ?’ आठवड्याला ३०० पौंड म्हणजे महिन्याला १,२०० नव्हेत. वर्षाचे ५२ आठवडे धरता १५,६०० पौंड होतात. महिन्याला १,३०० पडतात. दुसरा प्रश्न : ‘मे आय आस्क व्हॉट द रेंट इन्क्लूड्स?’ वीज, गॅस, पाणी आणि कौन्सिल टॅक्स वेगळे असल्यास हिशेब बदलतो. घरातील सर्वजण पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर कौन्सिल टॅक्स माफ असतो.

तिसरा प्रश्न अनामतीचा : ‘व्हेअर विल द डिपॉझिट बी प्रोटेक्टेड?’ इंग्लंडमध्ये २०१९च्या कायद्याने, वार्षिक भाडे ५०,००० पौंडांहून कमी असल्यास, पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही. नेहमीच्या भाडेकरारात ती ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. हा प्रश्न ऐकून प्रामाणिक दलाल रागावत नाही. तो योजनेचे नाव सांगतो. जो टाळाटाळ करील, त्याच्या हाती पैसे देण्यापूर्वी थांबावे.

परदेशी निघणाऱ्या मुला-मुलींकडून विमानाच्या तिकिटाइतक्याच काळजीने ही तीन वाक्ये घोकून घ्यावीत.