दोरीचे दुसरे टोक

आमच्या नातीला यंदा सप्टेंबरात चार वर्षे पूर्ण झाली, आणि तिच्या वाढदिवसाचा बेत ठरवायला घरात सभा भरली. सभा म्हणजे मुलगा, सूनबाई आणि मी. हे आरामखुर्चीत वर्तमानपत्र घेऊन बसले होते. म्हणजे सभेला हजर, पण मतदानाला नाही. मुलाने मोबाइलवर यादीच करून आणली होती. हॉलचे भाडे, फुग्यांची कमान, दोन मजली केक, आलेल्या मुलांना परत द्यायच्या भेटी, आणि सर्वांत खाली बेरीज. ती बेरीज ऐकून ह्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले. जवळजवळ पन्नास वर्षे संसार झाला, की नवऱ्याने पान कसे उलटले यावरून त्याचे मत कळू लागते.

मी म्हटले, "चार वर्षांच्या पोरीला एवढं कशाला रे?"

"मग काय करायचं ते तू सांग, आई."

आता हे सांगायचे म्हणजे मला जरा लांबून यावे लागते. वाचकांनीही फराळाची ताटली हाताशी घेऊन माझ्याबरोबर तेवढे लांब यावे.

माझा स्वतःचा वाढदिवस लहानपणी फारसा झालाच नाही. त्यात कोणाचा दोष नव्हता. दोष असलाच तर पंचांगाचा. माझा जन्म गिरगावातल्या एका चाळीतला, १९५५ सालच्या अधिक भाद्रपदातला. आमची आजी वाढदिवस तिथीनेच मानणारी. आणि अधिक भाद्रपद त्यानंतर पुन्हा आला तो १९७४ साली! त्या हिशेबाने माझा पहिला वाढदिवस एकोणिसाव्या वर्षी. आजी म्हणायची, "नुसत्या भाद्रपदात करू हो." पण नुसत्या भाद्रपदात गणपती, गौरी आणि मागून पितृपंधरवडा, त्या गर्दीत माझा पाट मांडायला जागा कुठे? फार तर आई गुपचूप माझ्या हातावर श्रीखंडाची गोळी ठेवायची आणि डोक्यावरून हात फिरवायची. तेव्हाच मी मनाशी ठरवले होते, की आपल्या मुलांचे वाढदिवस इंग्रजी तारखेने करायचे, आणि दणक्यात करायचे.

लग्न होऊन मी लालबागला आले. हे एका गिरणीत साचेखात्यात होते. १९७८ च्या सप्टेंबरात मुलगा झाला. पहिल्या तीन वाढदिवसांना गोडाचे जेवण झाले, पण 'दणका' मी चौथ्यासाठी राखून ठेवला होता. मूल चार वर्षांचे झाले म्हणजे त्याला समजू लागते, मित्र होतात, हट्ट करता येतो. आणि चौथा वाढदिवस आला तो १९८२ साली.

ते साल परळ-लालबागच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. इतरांसाठी सांगते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापडगिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. पहाटे भोंगा झाला की जागी होणारी आमची वस्ती भोंग्यावाचून जागी होऊ लागली. सुरुवातीला सभा, मोर्चे, घोषणा होत्या. पावसाळा लागला तशी माणसे गप्प झाली. निम्मी चाळ कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी निघून गेली. हे सकाळी भाजीची पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसत आणि दुपारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून निजत. त्या वर्षी अधिक आश्विन आल्यामुळे दिवाळी थेट नोव्हेंबरच्या मध्यावर गेली होती. बोनस नसलेल्या घरांना ते बरेच वाटत होते.

आणि आमच्या चिरंजीवांना केक हवा होता. समोरच्या इमारतीतल्या एका मुलाच्या वाढदिवसाला जाऊन आल्यापासून केक, फुगे आणि 'लटकणारे रंगीत कागद' ह्या तीन गोष्टींचा जप चालला होता.

माझ्याकडे वीस रुपये होते. त्यांत बेत बसवायचा होता. आजही कोणी लहान मुलाच्या वाढदिवसाचा बेत विचारला, तर मी त्या वीस रुपयांतलाच सांगते. पहिली गोष्ट चुरमुरे. अर्धा किलो चुरमुरे आणावेत; पाहणाऱ्याला पोते वाटते आणि पंधरा मुलांना पुरून उरते. कढईत हलके गरम करून कुरकुरीत करावेत, मग चमचा-दोन चमचे तेलात मोहरी, हळद, कढीपत्ता, मूठभर शेंगदाणे आणि डाळे. मिरचीचे मोठे तुकडे घालावेत, म्हणजे मुलांना वेचून टाकता येतात. पंक्तीला बसायच्या आधी तासभर करावा, फार आधी नको. मुंबईची हवा चुरमुऱ्यांची वैरीण आहे. दुसरी गोष्ट सरबत. गावाहून आलेली आमसुले होती. ती भिजवून, कुसकरून, साखर-जिरे घातले की पाणी असे लाल होते, की बाटलीतल्या पेयाची कोणाला आठवण राहत नाही.

राहिला केक. आमच्या शेजारी मावशींची खाणावळ होती. बायको-मुले गावी ठेवून आलेल्या कामगारांना दोन वेळ जेवू घालायचे आणि पगाराला पैसे घ्यायचे, अशा खाणावळी गिरणगावात घरोघर होत्या. ह्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते. पण संपात पगारच नाही, तर खाणावळीचे पैसे कुठून येणार? मावशींची मोठाली पातेली त्या वर्षी पालथी पडून होती. त्यांतले एक त्यांनी मला आणून दिले. "वापर गं, त्यालाही बरं वाटेल," म्हणाल्या.

दोन वाट्या रवा, वाटीभर साखर, वाटीभर आंबट दही, पाव वाटी डालडा आणि लागेल तसे दूध. हे सारे दोन तास भिजवून ठेवले. चाळीच्या डागडुजीची रेती अंगणात पडली होती. ती धुऊन, वाळवून पातेल्यात दोन बोटे पसरली, वर वाटी पालथी घातली आणि स्टोव्ह पेटवला. सोडा अगदी शेवटी घालायचा असतो. तो दह्याच्या आंबटपणाला भेटला की फसफसतो, आणि त्या बुडबुड्यांनीच केक फुलतो. म्हणून सोडा घातल्यावर गप्पा मारीत बसू नये, लगेच डबा आत ठेवून झाकण घालावे. हे मला इतके चांगले ठाऊक आहे, कारण मी गप्पा मारीत बसले. केकच्या मध्यभागी ऐसपैस खळगा पडला. मी त्यात ओले खोबरे आणि साखर भरली, आणि तो तसाच असतो असे सर्वांना सांगितले.

मेणबत्तीला सासूबाईंनी साफ नकार दिला. "वाढदिवसाच्या दिवशी दिवा फुंकून घालवायचा? ही कुठली रीत?" मला त्यांचे पटले, आणि मेणबत्तीचे पैसेही वाचले. कणकेचे चार दिवे केले. औक्षणाच्या ताटात सुपारी ठेवली, पण अंगठी कुठून आणायची? माझी अंगठी जुलैतच सोनाराकडे गेली होती. मावशींनी काही न बोलता आपल्या बोटातली काढून ताटात ठेवली आणि लगेच रांगोळीबद्दल बोलू लागल्या.

सजावट मी ह्यांच्याकडे सोपवली होती. खरे म्हणजे ते भिंतीकडे तोंड करून निजू नयेत म्हणून सोपवली होती. गणपतीच्या मंडपातला उरलेला पतंगी कागद मंडळाच्या पोरांनी दिला. मैद्याची खळ शिजवली. चाळीतल्या मुलांना हाताशी धरून ह्यांनी गॅलरीतच कारखाना काढला. कागदाचे चौकोन कापायचे, दोरीवरून तिरके दुमडायचे, खळ लावायची, की झाली पताका. सुतळी अखंड नव्हती, सारे तुकडेच होते. ते तुकडे हे जोडत होते. साच्यावर ताण्याचा धागा तुटला की विणकर जी गाठ मारतो, तशी. चपटी, फणीतून सरकून जाईल अशी, आणि डोळ्याला दिसायच्या आत मारलेली. मुले आ वासून पाहत होती. मी दारात उभी राहून पाहत होते. आठ महिन्यांत त्या बोटांनी ती गाठ मारलेली नव्हती.

संध्याकाळी औक्षण झाले. चिवडा वाढायला मी शेजारपाजाऱ्यांच्या पंधरा वाट्या गोळा करून आणल्या होत्या; प्रत्येकीवर घरधन्याचे नाव कोरलेले. मुले ओळीने बसली. वाढून झाले आणि एक वाटी उरली. मी पुन्हा मोजले. आपलीच मोजणी चुकली असेल असे म्हणून ती वाटी बाजूला ठेवली.

ह्यांनी ती वाटी पाहिली, मग मुलांची ओळ पाहिली, आणि चपला न घालताच गॅलरीच्या टोकाकडे चालू लागले.

शेवटच्या खोलीत सहा-सात वर्षांची एक मुलगी होती. तिचे वडीलही संपात. ते गावी गेलेले, आई पापड लाटायला जायची. पोर दाराआड बसली होती. आमच्याकडे येताना हातात द्यायला काही नाही म्हणून आली नव्हती. हे मला मागाहून कळले. पंधरा मुलांची यादी मी केली होती, पण त्यांतले कोण कशामुळे येणार नाही, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. भेटी आणू नका असा निरोप आधीच द्यायला काय झाले होते मला? केकच्या नादात राहून गेले.

ह्यांनी तिला 'का आली नाहीस' म्हणून विचारले नाही. ते म्हणाले, "अगं, पताका खाली आल्यात. दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस नाही. चल लवकर!"

काम आहे म्हटल्यावर ती धावत आली. दोरीचे एक टोक खरोखरच कठड्यावरून सुटून लोंबत होते. तिने ते धरले, ह्यांनी तिला गाठ शिकवली, आणि मग ती सहज ओळीत जाऊन बसली. ते टोक दुपारी माझ्यासमोर घट्ट बांधले होते. ते आपोआप सुटणे शक्य नव्हते.

एवढे सारे मी सभेपुढे सांगितले. सूनबाईंचे डोळे जरा ओले झाले. मुलगा मात्र हसू लागला. "आई, मला संप आठवत नाही, केकही आठवत नाही. मला एवढंच आठवतं, की वाढदिवस माझा आणि बाबांनी दोरी तिच्या हातात दिली! दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नव्हतो."

ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवले. "तीन," ते म्हणाले.

हॉलचा बेत आपोआपच बारगळला. आमची चाळ जाऊन तिथे आता टॉवर उभा आहे. गॅलरी गेली, पण अठराव्या मजल्यावर दिवाणखाना बऱ्यापैकी लांब आहे. भेटी आणू नयेत, असा निरोप सूनबाईंनी सर्वांत आधी धाडला. थर्माकोलच्या सजावटीला तर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे. मी पतंगी कागद आणवला. सूनबाईंनी ओव्हनमध्ये माझ्याच मापाने रव्याचा केक केला. सोडा घातल्यावर त्या कोणाशी अक्षर बोलल्या नाहीत, आणि केक देखणा फुलला. मला क्षणभर त्या खळग्याची आठवण झाली.

पाहुण्यांची यादी नातीनेच केली. तिला लिहिता येत नाही, म्हणून तिने चेहरे काढले. त्यांतला एक चेहरा कोणाचा ते ओळखेना. विचारल्यावर कळले, की खाली पार्किंगजवळ इस्त्रीचे टेबल लावणाऱ्याचा तो मुलगा. ती दोघे लिफ्टपाशी खेळतात म्हणे. निरोप पाठवला होता. वाढदिवसाच्या दिवशी सारी मुले जमली; तो तेवढा आला नव्हता.

मी काही बोलणार, तोच मुलगा उठला. खिडकीशी जाऊन त्याने पताकांच्या दोरीचे एक टोक सोडले आणि तो लिफ्टकडे गेला. दहा मिनिटांनी धुतलेला सदरा घातलेला, केसांना तेल लावलेला एक छोटा गृहस्थ दारात उभा राहिला आणि गंभीरपणे विचारू लागला, की दोरी कुठे आहे. ह्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली. बोटे आता थरथरतात, पण गाठ बोटांना आठवत होती.

नात कोपऱ्यात गाल फुगवून उभी होती. "माझा वाढदिवस आहे ना? मग दोरी त्याला का?"

"कारण हे टोक तुला धरायचंय," हे म्हणाले, आणि त्यांनी ते तिच्या हातात दिले.

मी चिवडा वाढायला घेतला. या खेपेला वाट्या घरच्याच होत्या, मोजून घेतलेल्या. पण कोणा मुलीची धाकटी बहीण ऐन वेळी मागे लागून आली होती, त्यामुळे एक कमी पडली. माझा चिवडा मी डब्याच्या झाकणात घेतला.