पावलांना ठेका, बोटांना सूर

पार्किन्सनच्या रुग्णाची चाल नेमकी उंबरठ्याशी अडते. पाय उचलायचा हे कळतं, पण पाऊल जागचं हलत नाही. मागून घरचे ‘चला, चला’ करतात तसा तो आणखीच गांगरतो. तोच माणूस ठेका ऐकू आला की अनेकदा पाऊल टाकतो. हालचालीची लय मेंदूत आतून मिळेनाशी झाली, तरी कानावाटे बाहेरून देता येते. टाळांच्या गजरात वारी चाललेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी याची पद्धत बसवली. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात पार्किन्सनचे रुग्ण तीन आठवडे घरीच ठेक्यावर चालले. त्यांचा वेगही वाढला आणि ढांगही. कृती साधी आहे. आधी रुग्णाला नेहमीसारखं चालू द्यायचं आणि मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजायचं. ८० पडली तर ठेकाही ८०चाच. तो अंगवळणी पडला की ८४, मग ८८. सुरुवातीलाच द्रुत लय लावणं धोक्याचं.

आता हे मोजमाप यंत्रही करतं. मेडरिदम्स या अमेरिकी कंपनीच्या उपकरणात बुटांवर सेन्सर बसवतात आणि पक्षाघातातून सावरणाऱ्याची चाल पाहून संगीताची गती बदलत राहते.

हातांसाठी मात्र मला स्वस्त, सुटसुटीत साधनं अधिक मोलाची वाटतात. एमआयटी मीडिया लॅबच्या जे सिल्व्हर आणि एरिक रोझेनबॉम यांची ‘मेकी मेकी’ ही छोटी पट्टी २०१२ साली लोकांपुढे आली. ती संगणकाला जोडायची, चिमट्याची एक वायर मिठाच्या कणकेच्या गोळ्यात खोचायची, दुसरी रुग्णाच्या हातात द्यायची. गोळ्याला बोट लागलं की संगणकातून सूर वाजतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट गोळा रोज थोडा लांब सरकवतात. सुरासाठी दुबळा हात आपणहून पुढे येतो. ‘हात दहा वेळा वर करा’ या हुकमाला कंटाळलेली आजी इथे मन लावून बसते, कारण केल्याचं फळ तिथल्या तिथे कानावर पडतं.

पण गाणं कुणाचं? हेलसिंकीत तेप्पो सार्कामो यांच्या गटाने २००८ साली दाखवलं, की पक्षाघातानंतर दोन महिने रोज स्वतःच्या आवडीचं संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली. ‘स्वतःच्या आवडीचं’ हे महत्त्वाचं. आपल्याकडे वय झालं की भजनं लावून मोकळे होतात. एखाद्या आजोबांना लावणी हवी असते, एखाद्या आजींना नाट्यगीत, आणि कुणी विचारतच नाही.

तेव्हा घरात असं कुणी असेल, तर त्यांच्या तरुणपणची दहा-बारा गाणी त्यांनाच विचारून लिहून काढा आणि तो कागद फिजिओथेरपिस्टच्या हाती द्या. तोल जात असेल, तर ठेक्यावरचं चालणं त्यांच्या देखरेखीखालीच सुरू करा.