ओढणाऱ्या हातांचा हिशोब

डोंगरातल्या गावात पर्यटक येऊ लागले की गावाचा विकास झाला, असे आपण सहज म्हणतो. पण विकास कोणाचा? मी बी.कॉम. झालेला कारकून. जमा कोणाच्या खात्यावर आणि खर्च कोणाच्या, हे पाहण्याची मला सवयच जडली आहे.

माथेरानचेच घ्या. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट तेथे पोचला आणि साहेब लोकांचे थंड हवेचे ठिकाण वसले. १९०७ साली नेरळहून छोटी रेल्वे वर गेली. मुंबई जवळ, हवा थंड, रान दाट आणि वर जायला गाडी, म्हणून गाव नावारूपाला आले. मोटारींना तेथे बंदी. २००३ साली केंद्र सरकारने तो परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. झाडे वाचली, धूर टळला, हे चांगलेच झाले. पण मोटारीचे ओझे उचलले कोणी? घोड्यांनी, हमालांनी आणि हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी.

काही वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब तेथे गेलो होतो. आईचे गुडघे दुखत होते. एक जण पुढून ओढणार, दुसरा मागून ढकलणार, हे पाहून ती म्हणाली, ‘‘माणसाने माणसाला ओढायचं? मी बसत-उठत चालीन.’’ रिक्षावाला नरमाईने म्हणाला, ‘‘आजी, तुम्ही बसला नाहीत तर आमची चूल कशी पेटायची?’’

आईचेही खरे होते आणि त्याचेही. नुसती रिक्षा बंद करून हा प्रश्न सुटणारा नव्हता.

६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने ही प्रथा मानवी प्रतिष्ठेविरुद्ध ठरवली आणि सहा महिन्यांत बंद करण्यास सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळावी म्हणून सरकारने योजना करावी, पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही बजावले. गुजरातेत केवडियाला आदिवासी स्त्रिया भाड्याने ई-रिक्षा चालवतात, तो दाखला दिला. उरलेल्या रिक्षा परिसरातील आदिवासी स्त्रियांना व इतरांना द्याव्यात, असेही सुचवले.

खरी मेख येथेच आहे. हवा, रस्ता, पाणी, सरकारी नियम यांमुळे पर्यटन वाढते. पण परवाना, भांडवल आणि मालकी ज्याच्या हाती, त्याच्याच घरात पैसा जातो. भांडवलवाल्याने रिक्षा घेतल्या आणि कालचा ओढणारा त्याचा पगारी चालक झाला, तर खांद्यावरचे ओझे उतरेल, पण दारिद्र्य तसेच राहील. घोडेवाल्यांच्या पोटाचा विचारही सोडून चालणार नाही.

म्हणून सुट्टीत मुलाबाळांना घेऊन डोंगरावर जाल तेव्हा निसर्ग जरूर पाहा. जांभळे-करवंदे विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका. आणि गाडी चालवणाऱ्याला एवढे अवश्य विचारा : ‘‘भाऊ, ही गाडी तुमच्या नावावर आहे ना?’’